उत्तरेकडची धूळ
घानाहून परतल्यावर तिसऱ्या दिवशी जगन्नाथला सणसणून ताप भरला. डोकं ठणकत होतं, पोटात पाणी ठरत नव्हतं. त्याची बायको नीला सकाळीच त्याला अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या घरातून हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत घेऊन आली.

तिथे डॉ. प्रीता वीस वर्षं काम करत होत्या. घानाचं नाव ऐकताच त्यांच्या हाताखालच्या ज्युनियर डॉक्टर अनयने मलेरियाची टेस्ट पाठवली आणि प्रीतांनी होकार दिला. तरुणपणी त्या वर्षभर घानाच्या राजधानीत, अक्रामध्ये राहिल्या होत्या. समुद्रकाठची ती चिकट हवा, गटारांत साचलेलं पाणी, संध्याकाळचे डास, सगळं त्यांना लख्ख आठवत होतं.

टेस्ट निगेटिव्ह आली.

"पहिल्यांदा येते कधीकधी. रिपीट करतो," अनय म्हणाला.

यात दोन तास गेले. तेवढ्यात जगन्नाथ नीलाला आई म्हणून हाका मारू लागला. प्रीता लगबगीने आत आल्या.

"डास फार चावत होते का हो त्यांना तिकडे?"

"डास? छे. तो कोरड्या हवेनंच वैतागला होता. ओठ फुटलेले, नाकातून रक्त यायचं."

प्रीता थबकल्या. "अक्रामध्ये?"

"अक्रामध्ये दोनच दिवस होता. मग सोलर पंप बसवायला एकदम उत्तरेला पाठवलं, सीमेजवळ. आयत्या वेळी ठरलं."

नीलाने फोनवरचा व्हिडिओ दाखवला. फेब्रुवारीतली दुपार. लाल माती, विरळ बुटकी झाडं आणि सगळीकडे धुळीचा असा पडदा, की सूर्य पांढरट चकतीसारखा दिसत होता.

ही जागा अक्रापासून आठशे किलोमीटरवर होती. देश एकच, पण खाली समुद्र आणि दाट जंगल, तर वर उघडं माळरान. हिवाळाभर सहाराकडून कोरडा वारा तिथे येतो. हरमाटन म्हणतात त्याला. तो नाक-घसा सोलवटून काढतो, आणि त्याच दिवसांत त्या पट्ट्यात मेंदूज्वराची साथ पसरते. प्रीतांनी हे पुस्तकात वाचलं होतं. घानात नेमके कुठे होतात, एवढं विचारायचं मात्र त्यांना सुचलं नव्हतं.

त्यांनी जगन्नाथची मान उचलून पाहिली. ती वाकेना. 'विमानात अवघडली असेल,' असं नीला सकाळी म्हणाली होती आणि अनयने तसंच लिहून घेतलं होतं. प्रीतांनी त्याचा मोजा खाली सरकवला. घोट्याजवळ दोन जांभळे ठिपके होते. ताठ मान आणि हे ठिपके, दोन्ही मेंदूज्वराच्याच खुणा.

"अनय, कल्चरसाठी रक्त घे आणि अँटिबायोटिक आत्ता सुरू कर. पाठीतलं पाणी नंतर काढू."

"पण मलेरियाचा रिपोर्ट..."

"तो येईल तेव्हा येईल. आधी इंजेक्शन."

पाठीतलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ निघालं. दुपारपर्यंत जगन्नाथचं बीपी घसरलं आणि त्याला आयसीयूत हलवलं. नीलाला आणि घरी असलेल्या त्यांच्या मुलीला खबरदारीच्या गोळ्या दिल्या.

ड्युटी संपल्यावर प्रीता नीलाच्या शेजारी जाऊन बसल्या.

"सकाळीच एक प्रश्न विचारला असता, तर दोन तास वाचले असते. तो मी विचारला नाही."

नीलाने आयसीयूच्या दाराकडे पाहिलं. "मान अवघडली असं मीच म्हणाले."

"तुम्ही डॉक्टर नाही आहात. ओळखणं माझं काम होतं. मी हॉस्पिटलला तसं लेखी कळवणार आहे."

"तो वाचेल का, एवढंच सांगा."

"अजून नाही सांगता येत."

दोन दिवस तसेच गेले. चौथ्या दिवशी जगन्नाथने डोळे उघडले आणि चहा मागितला. नीला काहीतरी बोलली, तेव्हा तो गोंधळून तिच्या ओठांकडे बघू लागला. त्याचा डावा कान गेला होता, आणि तो पुढेही परत आला नाही.

आता दोघं फिरायला निघाली, की नीला न चुकता त्याच्या उजव्या बाजूने चालते.