दोन नोव्हेंबर, दुपारी चार

आमच्या विद्यापीठाच्या कलासंग्रहालयाची ‘आगामी कार्यक्रम’ ही पत्रिका मी काढते. तीन महिन्यांची प्रदर्शनं, व्याख्यानं, कार्यशाळा, सगळं एका घडीच्या कागदावर बसवायचं. चूक झाली की दहा फोन येतात, नीट झालं की एकही येत नाही, त्यामुळे राग माझ्या नाकावरच असतो. विरारच्या फुलपाड्यातून मी सात वर्षं वसईला येते आहे आणि वसई मला पाठ आहे, असं सगळ्यांना सांगायचे. आता सांगत नाही.

सॅन्टन अंकल ऐंशीचे, वसईजवळच्याच एका गावातले. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. दर ऑक्टोबरात गावच्या दफनभूमीतल्या क्रुसांवरची पुसट झालेली नावंही तेच पुन्हा काळी करायचे. गावाला ते एवढेच माहीत. पण त्यांच्या माळ्यावरच्या ट्रंकेत एकेचाळीस जलरंगातली चित्रं होती, चाळीस वर्षांतल्या रविवारच्या दुपारी काढलेली. प्रत्येक चित्र गावातल्या एकेका वाडीचं. विहीर, केळी, पानवेली, आणि खाली वळणदार अक्षरांत वाडी कुणाची ते. त्यातल्या निम्म्या वाड्यांवर आता इमारती आहेत. संग्रहालयाची पाटी रंगवायला आले तेव्हा ओळख झाली आणि त्यांनी ती मला दाखवली, त्याआधी कुणालाच दाखवली नव्हती.

“पाटीवाला चित्रं काढतो म्हणून हसले असते,” ते मला म्हणाले. मी त्यांना ‘सर’ म्हटलं तर म्हणाले, “सर नको. मी कुठल्या शाळेत गेलो? अंकल म्हण.”

आमच्या संचालक आशालता मॅडमनी चित्रं पाहिली आणि छोटं दालन द्यायला तयार झाल्या. पण एकच रविवार, कारण एरवी तिथे विद्यार्थ्यांचे वर्ग भरतात. दिवसभर चित्रं भिंतीवर आणि दुपारी चारला अंकल बोलणार. हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “गावातली माणसं येतील ना? ज्यांच्या वाड्या आहेत, ती?”

“न यायला काय झालं?” मी म्हटलं.

रविवार कोणता ते मी ठरवलं. दोन नोव्हेंबर. कॅलेंडर बघितलं नाही असं नाही, बघितलं. त्या दिवशी तुळशीचं लग्न होतं. ते संध्याकाळी, म्हणजे चारचं व्याख्यान आटपून मला घरी पोचता येईल, एवढा हिशेब केला. त्याच चौकोनात खाली बारीक अक्षरांत आणखी काही होतं. ते मी वाचलं नाही.

तेरा ऑक्टोबरला अंकलना फोन करून तारीख सांगितली.

“दोन तारीख? दुपारी?” ते म्हणाले. “एक आठवडा मागेपुढे नाही होणार?”

झालं असतं. नऊ तारखेचा रविवार मोकळा होता. पण मग पुन्हा दालनाचा अर्ज, पुन्हा मॅडमची सही, पुन्हा मजकुराची जुळवाजुळव. मला कंटाळा आला, दुसरं काहीही कारण नव्हतं.

“अंकल, पत्रिका छापून झाली हो,” मी म्हटलं.

पत्रिका माझ्यासमोर संगणकावर उघडी होती. त्यांचं नावसुद्धा अजून टाइप व्हायचं होतं.

“छापली असेल तर राहू दे,” ते म्हणाले.

दोन तारखेला मी साठ खुर्च्या मांडल्या. अंकल पांढरा शर्ट इस्त्री करून आले. चार वाजता दालनात सात माणसं होती. हजेरीसाठी बसलेले तीन विद्यार्थी, आशालता मॅडम, चुकून आत आलेलं एक जोडपं आणि मी. सव्वाचारपर्यंत वाट पाहिली. मग अंकल उठले आणि वाडीमागून वाडी दाखवत बोलू लागले. ही अमक्याची, इथे विहिरीला दोन रहाट होते, या आंब्याखाली लग्नाचा मांडव पडला होता. ज्यांना सांगायचं ते समोर नव्हते, आणि जे समोर होते त्यांना ती नावं कळत नव्हती. प्रत्येक चित्रापाशी ते एकदा दाराकडे बघत.

मी बाहेर आले. दारावर केनी उभा होता, आमचा सुरक्षारक्षक, अंकलच्याच गावचा.

“गावातलं एक माणूस नाही, केनी. काय हे?”

“मॅडम, आज दोन तारीख. सगळे दफनभूमीत असणार. मेलेल्यांचा दिवस ना आमचा. फादर कबरींवर आशीर्वाद देतात, मेणबत्त्या लावतात. आज कोण कुठे जातो?”

“मग आधी बोलायला काय झालं होतं?”

“तुम्ही विचारलं कुठे? आणि अंकल स्वतः हो म्हटले, तर मला वाटलं त्यांनी काही ठरवलं असेल.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पावणेसहाला अंकलना रिक्षात घालून मीच दफनभूमीत नेलं. माणसं परतून गेली होती. झेंडूची फुलं, वितळलेलं मेण आणि दोनचार तेवत्या वाती. सगळ्या कबरी सजल्या होत्या. एकच कोरी होती, कार्मिन आंटींची, त्यांच्या बायकोची. क्रुसावरचं नाव मात्र ताजं काळं होतं. गावाची सगळी नावं लिहून झाल्यावर ते हे शेवटी लिहायचे.

“अंकल, मला खरंच माहीत नव्हतं आज काय असतं ते,” मी म्हटलं.

“माहीत नसेल. चालतं.” त्यांनी शर्टाच्या खिशातून पत्रिका काढली, घडी उलगडली आणि अगदी तळाशी अंगठा ठेवला. तिथे छापखान्याची ओळ होती. मुद्रण, एकवीस ऑक्टोबर.

“तुझा फोन तेरा तारखेला होता,” ते म्हणाले. “पाटीवाला आधी बारीक अक्षरं वाचतो. चूक तिथेच राहते.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

“मग तुम्ही ‘नाही’ का नाही म्हणालात? का आलात?”

“मला कळलं तोवर खरंच छापून झाली होती ना. त्यात माझं नाव होतं.” त्यांनी पत्रिका पुन्हा घडी करून खिशात ठेवली. “दुसऱ्यांची नावं लिहिण्यात जन्म गेला. माझं कुणी लिहिलं नव्हतं.”

मी जानेवारीतली तारीख देते म्हटलं. गावात घरोघर जाऊन मी स्वतः सांगते म्हटलं. ते मान हलवत राहिले. एकेचाळीस चित्रं पुन्हा उतरवायची, पुन्हा लावायची, आता हात उचलत नाहीत, म्हणाले. मग त्यांनी मेणबत्ती काढली. वारा होता. तीन काड्या विझल्यावर त्यांनी काडेपेटी माझ्या हातात दिली.