येरमेटोल्यातलं तिसरं घर

वहाब शेख सरकारी कागदावर कीटक समाहारक होते. हा शब्द कागदाबाहेर कोणी उच्चारत नसे. मुलचेऱ्याच्या आसपासच्या टोल्यांवर, म्हणजे लहान वस्त्यांवर, त्यांना मच्छरवाले वहाबभाऊ म्हणत. सत्तावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. उजाडायच्या सुमाराला लोकांच्या घरात शिरायचं, बॅटरीच्या उजेडात भिंतींवर बसलेले डास काचेच्या नळीत ओढून घ्यायचे, कोणत्या घरात किती सापडले ते लिहायचं आणि डास जिवंत असतानाच मलेरिया पथकाच्या प्रयोगशाळेत पोचवायचे. तिथे मायक्रोस्कोपखाली डास उघडून त्यांच्या अंगात मलेरियाचे जंतू आहेत का ते बघत. बहुतेक वेळा नसत.

येरमेटोल्यात चार घरं ठरलेली होती. दर पंधरा दिवसांनी त्याच चार घरांत जायचं, म्हणजे डास वाढले की घटले ते कळतं. तिसरं घर बापूजी मोहुर्ल्यांचं. बापूजी धान पिकवत. घरात बायको कमळा आणि एकुलती मुलगी दिव्यानी. चौदा वर्षं वहाबभाऊ त्या घरात जात होते. बाकीच्या घरांत लोक पांघरूण डोक्यावर ओढून घेत, त्यांना कामाशी काम ठेवू देत. या घरात मात्र ती पोरगी उठून बसायची. पाच वर्षांची होती तेव्हापासून तिला नळीतला डास बघायचा असे. मलेरियाचा डास भिंतीवर बुड वर करून बसतो, हे तिला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. पुढे ती चंद्रपूरला नर्सिंग शिकायला गेली. सुटीत आली की म्हणायची, "काका, आमच्या कॉलेजात कोनीच जिता मच्छर धरला नाई. मी सांगतो त्याहिले, आमच्या घरी तर सरकारी मानूस येते मोजाले."

त्या वर्षी दिवाळीच्या सुटीत ती घरी आली होती. धान कापणीला आलं होतं, टोल्यामागचा झरा अजून वाहत होता. वहाबभाऊ नेहमीप्रमाणे पहाटे आले. पहिल्या दोन घरांत नऊ-दहा डास सापडले. तिसऱ्या घरात पाव तासात एकतीस. इतके त्यांनी त्या टोल्यात कधी धरले नव्हते. कित्येकांची पोटं रक्ताने लाल झालेली होती.

दिव्यानी खाटेवर दोन गोधड्या अंगावर घेऊन पडली होती. तिचे दात वाजत होते.

"काका, किती भेटले?" तिने डोळे न उघडताच विचारलं.

"एकतीस."

"बाप रे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "मले मलेरियाच वाटून राह्यला, काका."

कमळाबाई चुलीजवळून उठून आल्या. "परवापासून ताप हाये. काल उतरला होता, आता पुन्हा चढला. दवाखान्याच्या आशाबाईकडे तपासाची किट असते, तं ते ट्रेनिंगले गेली. ह्यांले सोयऱ्याकडे मरनाले जा लागलं, उद्या येतीन. वहाबभाऊ, तुमी गाडीवर नेता का हिले दवाखान्यात? मी मांगून धरून बसतो."

आरोग्य केंद्र अकरा किलोमीटरवर होतं, प्रयोगशाळेच्या नेमक्या उलट दिशेला. वहाबभाऊंच्या मोटारसायकलच्या मागच्या सीटवर लाकडी पेटी बांधलेली होती. तिच्यात चारही घरांच्या नळ्या वेगवेगळ्या चिठ्ठ्या लावून ठेवायच्या, वरून ओला टॉवेल गुंडाळायचा आणि ऊन चढायच्या आत पोचायचं. मेलेला डास कामाचा नसे. एकतीस डास पेटीत होते. इतका माल घेऊन ते कित्येक वर्षांत गेले नव्हते.

ते दारात उभे राहिले. खाटेकडे बघितलं, पेटीकडे बघितलं.

"बाई, हे आज जिते पोचवा लागतात," ते म्हणाले. "तसा काही लई बिकट ताप दिसत नाई. मी पोचवतो आन दोन वाजेपावेतो वापस येतो. मंग नेतो दोघीले. तवपर्यंत ह्या गोळ्या द्या."

त्यांनी पिशवीतून तापाच्या दोन गोळ्या काढून दिल्या.

"दोन वाजता नक्की?" कमळाबाईंनी विचारलं.

"नक्की."

वाटेत चढावर नेटवर्क आलं तेव्हा त्यांनी आशाबाईला फोन लावला. तो बंद होता. मग त्यांनी पेटीवरचा टॉवेल नाल्याच्या पाण्यात पुन्हा भिजवला आणि खड्डे चुकवत, जपून गाडी चालवली.

प्रयोगशाळेत साधना मॅडम होत्या. पस्तिशीच्या, चार महिन्यांपूर्वी बदलून आलेल्या, कामाच्या फार पक्क्या. एकतीसचा आकडा ऐकून त्या लगेच मायक्रोस्कोपला बसल्या. दुपारी एकच्या सुमाराला त्यांनी आतून हाक मारली.

"वहाबभाऊ, लवकर या! बघा, बघा!"

वहाबभाऊंनी डोळा लावला. डासाच्या लाळेच्या ग्रंथीतून सुईच्या टोकासारखे बारीक, वाकडे जंतू बाहेर सांडत होते. सत्तावीस वर्षांत त्यांनी ते चारदा पाहिले होते.

"कोणतं घर?"

मॅडमनी चिठ्ठी वाचली. "येरमेटोला, तीन नंबर."

पुढचे तीन-साडेतीन तास कसे गेले ते वहाबभाऊंना नंतर नीट आठवेना. मॅडमनी पुण्याला फोन केला. तिकडच्या साहेबांनी वहाबभाऊंशीही बोलून शाबासकी दिली. फोटो काढायचे होते, फॉर्म भरायचे होते, त्यात डास कुठल्या भिंतीवर, जमिनीपासून किती उंचीवर बसला होता ते लिहायचं होतं, आणि ते फक्त वहाबभाऊच सांगू शकत होते. कोणीतरी समोसे आणले. दोनदा चहा झाला. घड्याळाकडे त्यांचं लक्ष गेलं तेव्हा साडेचार झाले होते.

टोल्यापर्यंत बेचाळीस किलोमीटर जायचं, तिथून दवाखान्यापर्यंत अकरा. नेलं असंल कोनी, असं त्यांच्या मनात आलं. टोल्यात दोन-तीन मोटारसायकली आहेत. पोरगी स्वतः नर्सिंगची आहे, ती काय बसून राहणार आहे. असं म्हणत त्यांनी गाडी मुलचेऱ्याकडे, घराकडे वळवली. घरी बायकोला, खातूनला, त्यांनी पुण्याच्या फोनचं सांगितलं. सकाळी कोणाला काय कबूल केलं होतं ते सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी ते पुन्हा येरमेटोल्यात गेले. पहिलं घर झालं, दुसरं झालं. तिसऱ्या घराच्या अंगणात बापूजी उघड्या डोक्याने बसले होते. डोकं भादरलेलं होतं.

वहाबभाऊंचे पाय तिथेच थांबले.

"या," बापूजी म्हणाले. "मोजा. आता मोकळंच हाये घर."

"बापूजीभाऊ, काय झालं?"

"काय झालं? तुमी गेले त्या दिवशी दुपारपासून पोरगी बडबडाले लागली. मायले वळखेना. माय तुमची वाट पाहत रस्त्यावर उभी. दोन वाजले, तीन वाजले, अंधार पडला. टोल्यातल्या गाड्या बाहेरगावी गेलेल्या, फोनले नेटवर्क नाई. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो, कोनाची तरी गाडी बोलावली. दवाखान्याच्या दोन कोस अलीकडे गेली ते. डॉक्टर म्हने, मेंदूत चढला होता. काल आनली असती तं वाचली असती."

वहाबभाऊ अंगणात खाली बसले. हातातली नळी त्यांनी मातीत ठेवली.

कमळाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या.

"एक सांगा," बापूजी म्हणाले. "त्या दिवशी नेले त्या मच्छरांत काय भेटलं?"

खोटं बोलता आलं असतं. काहीच सापडलं नाही म्हटलं असतं तरी बापूजींना कुठून कळणार होतं? पण वहाबभाऊंना ते जमलं नाही.

"एकात मलेरिया भेटला," ते म्हणाले.

"कोन्या घरचा?"

"इथचाच."

"कधी समजलं?"

"एक वाजता."

बापूजी पुढे सरकले. "म्हन्जे एक वाजता तुमाले मालूम होतं, का या घरात मलेरिया हाये. पोरगी तापानं फनफनून राह्यली, तेही मालूम होतं. मंग तुमी कुठी होते, वहाबभाऊ?"

"तिथंच होतो," वहाबभाऊ म्हणाले. "चहा पेत होतो."

बापूजी उठले, घरात गेले आणि दार लावून घेतलं.

त्या दिवशी चौथ्या घरी वहाबभाऊ गेलेच नाहीत. घरी येऊन त्यांनी खातूनला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. खातूनने त्यांची समजूत घातली नाही. भाकरीचं ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "अपनी फरहा ताप में पडी होती, तो भी डब्बाच पोचाते क्या?" फरहा त्यांची मुलगी, नागपूरला दिलेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन पानी अर्ज लिहिला. काय घडलं, किती वाजता घडलं, कोणाला काय शब्द दिला होता, सगळं. साधना मॅडमनी तो उभ्यानेच वाचला. वाचताना त्या खुर्चीवर बसल्या.

"मला का नाही सांगितलं तुम्ही?" त्यांनी विचारलं. "मी गाडी पाठवली असती. अँब्युलन्स बोलावली असती. एक वाजता माझ्या हातात फोन होता, वहाबभाऊ."

"मालूम आहे, मॅडम."

मॅडमचे डोळे भरले होते. त्यांनी अर्ज वर पाठवला. महिन्याने उत्तर आलं. डास गोळा करून वेळेत पोचवणे हे सदर कर्मचाऱ्याचं काम असून त्यात कसूर झालेली दिसत नाही, असं त्यात होतं. वहाबभाऊंनी तो कागद दोनदा वाचला. शिक्षा झाली असती तर बरं वाटलं असतं, असं ते खातूनला म्हणाले.

मॅडमनी त्यांची घरं बदलून द्यायची तयारी दाखवली. वहाबभाऊ नको म्हणाले. पहाटे ते येरमेटोल्यात जात राहिले. पेटीच्या शेजारी आता तपासणीच्या किट असत. बोट टोचून ताप कसला ते बघायचं त्यांनी आशाबाईकडून शिकून घेतलं होतं. हिवाळ्यात दोघांना त्यांनी डास टाकून दवाखान्यात नेलं. दोघंही बरे होऊन आले. टोल्यातले लोक पूर्वीसारखं बोलू लागले. तिसऱ्या घरासमोर मात्र ते नुसते उभे राहत. दार बंद असे. वहीत ते त्या घरापुढे रेघ ओढत.

मार्चअखेर ते निवृत्त होणार होते. शेवटच्या फेरीला गेले तेव्हा मोह गळत होता, सगळा टोला टोपल्या घेऊन जंगलात गेला होता. तिसऱ्या घराचं दार उघडं होतं. कमळाबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होत्या.

"बसा," त्या म्हणाल्या. चौदा वर्षांत वहाबभाऊंना बसा असं कधी म्हणावं लागलं नव्हतं, ते आपणहूनच बसत.

वहाबभाऊ बसले. बाई फुलं पसरत राहिल्या. मग हात थांबवून, खाली बघतच म्हणाल्या, "एक गोष्ट ह्यांले सांगतली नाई मी. त्या दिवशी बारा वाजता एक ट्रॅक्टर चालला होता इथून. विटांचा. बाहेरचा मानूस होता. बिरजू म्हने त्याले. पोरगी पाहून तो सोताच म्हने, चला बाई, सोडून देतो दवाखान्यात. मीच नाई म्हनलं. म्हनलं, ट्रॅक्टरवर धक्के बसतीन पोरीले. आमचे वहाबभाऊ दोन वाजता येऊन राह्यले, गाडीवर नेतीन बराबर."

आपण गेलो नाही, एवढंच ओझं ते इतके दिवस वाहत होते. आपल्या शब्दाने आलेली मदतही परत गेली होती, हे त्यांना आज कळलं.

"पाच महिने झाले," कमळाबाई म्हणाल्या. "हे तुमाले शिव्या देतात, आन मी आयकतो. रोज वाटते सांगून टाकाव. माह्यानंच गेली पोरगी."

"नाई, बाई." वहाबभाऊ म्हणाले. "तुमी माह्या शब्दावर थांबल्या. नक्की येतो म्हनून मीच म्हनलं होतं. हे त्याहिले सांगू नका."

"खोटं किती दिवस ठेवू पोटात?"

"खोटं नाई ते. राग माह्यावरच राहू द्या त्यांचा. मले इथी राहायचं नाई, तुमाले त्यांच्यासंग राहायचं हाये."

कमळाबाईंनी पदर तोंडाला लावला. पोरगी गेली त्या दिवसापासून त्या माणसांसमोर रडल्या नव्हत्या. आता रडल्या, आणि वहाबभाऊही रडले, पालथ्या हाताने डोळे पुसत. ऊन अंगणात उतरलं. घरात जाऊन डास मोजायचं राहिलं ते राहिलंच.

परतताना टोल्याबाहेरच्या वळणावर बापूजी समोरून आले. डोक्यावर मोहाची टोपली होती. वहाबभाऊंनी गाडी थांबवली आणि म्हणाले, "रामराम, बापूजीभाऊ. आज शेवटची फेरी होती."

बापूजींनी टोपली सावरली. त्यांच्याकडे न बघता ते पुढे निघून गेले. बापूजी झाडांआड जाईपर्यंत वहाबभाऊ उभे राहिले, आणि मग मुलचेऱ्याच्या वाटेला लागले.