पडलो म्हण

दुसरा फटका लक्ष्याच्या कोपरावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज कुंपणाबाहेरच्या माणसांनाही ऐकू गेला. काठी त्याच्या धाकट्या भावाच्या, धनेशच्या हातात होती. बाकीच्यांनी प्रार्थनेची बाकं फोडली, दारावरचा क्रूस उपटून चुलीत घातला, हिरीला केसांना धरून अंगणात आपटलं. त्या गडबडीत कुणीतरी एक कोंबडीही नेली. तिचा कुठल्याच धर्माशी संबंध नव्हता.

"काढतोस का नाय ताडी?" धनेश ओरडला.

"नाय."

तोंडात रक्त असल्यामुळे लक्ष्याने उत्तर थोडक्यात दिलं.

आशागडजवळच्या त्या पाड्यात गावदेवाला पहिली ताडी लक्ष्याच्या दारच्या ताडाची लागे. मान थोरल्या मुलाचा. धाकट्याने चढून चालत नसे. लक्ष्या आणि त्याची बायको हिरी येशूचे झाले, ताडी सुटली, आणि देवापुढचं मडकं कोरडं राहू लागलं. यंदा पाड्यात दोन गुरं मेली तेव्हा दोष कुणाचा हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही.

काठी मोडली तेव्हा मारामारी संपली. मग सगळ्यांना एकदम आठवलं, की धनेश पोलीस भरतीत पास झालाय आणि आता फक्त ऑर्डर यायची बाकी आहे.

रवींद्र पाटील लक्ष्याजवळ उकिडवा बसला. गावचा पोलीस पाटील असल्यामुळे तो सगळं उरकल्यावरच पोचला होता.

"दवाखान्यात विचारतील. ताडावरून पडलो म्हण. एक केस झाली तर पोराची नोकरी गेली."

"मी माफ केलं त्याला," लक्ष्या म्हणाला. "पण खोटं नाय बोलणार."

"माफी मागितली कुणी? ती ठेव तुझ्याकडं. खोटं तेवढं दे."

लक्ष्याने हिरीकडे पाहिलं. तिने फुटलेला ओठ पदराने पुसला आणि मान हलवली. नाही.

धनेश कुंपणाशी पाठ करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. लहानपणी मार खाल्ल्यावर तो असाच उभा राहायचा.

लक्ष्या उठला. मोडका हात पोटाशी धरून ताडापाशी गेला. खोडाला बांधलेला खाचांचा जुना बांबू अजून तिथेच होता. तो चढू लागला. आता देवाला ताडी मिळणार असं वाटून दोघातिघांनी मडक्यासाठी धावाधावही केली.

एका हाताने फार वर जाता येईना. छपराच्या उंचीला तो थांबला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि त्याने हात सोडला.

पाय मोडल्याचा आवाज हाताच्यापेक्षा मोठा होता. सगळ्यांच्या आधी धनेश धावला. त्यानेच भावाला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत नेलं आणि रिक्षात घातलं.

डहाणूच्या दवाखान्यात हवालदार आला तेव्हा धनेश खाटेशी सलाईनची बाटली उंच धरून उभा होता.

"काय झालं?"

"ताडावरून पडलो," लक्ष्या म्हणाला. आवाज अगदी स्वच्छ होता.

"खरं का, बाई?"

"पडला नाय, साहेब," हिरी म्हणाली. "उडी मारली."

लक्ष्या कण्हला. पायामुळे असेल.

"उडी मारली, पण पडलोच ना गं!"

हवालदाराने पेन थांबवलं. दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"बरं. पाय कळला. हात?"

लक्ष्याने डोळे मिटून घेतले. हिरीचे ओठ हलू लागले. तिची प्रार्थना नेमकी कशासाठी चालली होती, ते सांगणं कठीण.

"साहेब," खाटेमागून आवाज आला, "हात त्याच्या आधीचा आहे."

"तू कोण?"

"बाटली वर धर, वहिनी," धनेश म्हणाला, आणि ती हिरीच्या हातात देऊन पुढे झाला.