एक घागर पाणी

गवंडी उतार पाहायला पाणसळ लावतो. पुंजाजी मुकादमाला नुसता डोळा पुरे, असं गाव म्हणे. गाव एकदा म्हणे आणि पुंजाजी दहादा.

त्र्याहत्तरच्या दुष्काळात माळावर सरकारी काम निघालं. हा माळ म्हणजे पाण्याची वाटणीच. अलीकडे पडलेला थेंब गावच्या नाल्यातून पैनगंगेला जातो, पलीकडे पडलेला पूर्णेला. नाल्याकाठी गावाची एकुलती एक विहीर, तीही तळाला गेलेली. माथ्यावरचं पांगणारं पाणी चर खोदून नाल्यात सोडायचं ठरलं. साहेबानं ठोकलेल्या खुंट्या कुणीतरी चुलीत घातल्या, तेव्हा पुंजाजीनं डोळ्यानंच आखणी केली.

कामावर त्याची बायको पंचफुलाही होती. तिला उतार उलटा वाटला. एक घागर ओतून पाहू, असं ती म्हणाली. पुंजाजी भडकला.

"बाया प्यायले पाणी मागून राह्यल्या, अन् तुले मातीले पाजाचं हाय?"

बायांनीही त्याचीच री ओढली. दोन कोसांवरून डोक्यावर आणलेलं, फडक्यानं गाळून पुरवून प्यालेलं पाणी; ते दगडावर कोण ओतणार? चाळीस बायांनी दीड महिना चर खणला.

आषाढात पावसानं झोडपून काढलं. पुंजाजी विहिरीपाशी नाल्यात उतरून उभा राहिला. एरवी अशा पावसात नाला कमरेएवढा यायचा. आज घोटाही भिजेना. तो धापा टाकत माळावर चढला आणि जागीच थिजला. चर तुडुंब वाहत होता, पण गावाकडे पाठ करून. आजवर नाल्याला आपसूक मिळायचं तेही पाणी चरानं पलीकडे नेलं होतं. त्यानं दोनदा डोळे चोळले. पावसाचंच काहीतरी चुकतंय, असंही त्याला वाटून गेलं.

पलीकडच्या तांड्याचा नायक भाऊसिंग भिजत वर आला. त्याचे डोळे भरले होते.

"जयभीम, पुंजाजी. आमच्या तांड्यासाठी तुमच्या बाया उन्हात राबल्या. लय उपकार झाले."

भाऊसिंग थट्टा करत नव्हता, हेच पुंजाजीला सोसवेना.

मागून पंचफुला दोन घागरी घेऊन आली. तिनं दोन्ही चरात बुडवल्या, एक स्वतःच्या डोक्यावर घेतली, दुसरी त्याच्या हातात दिली.

"चर बुजवू मंग. आज प्यायले इथूनच न्या लागते."

ती चालू लागली. पुंजाजीनं पाऊल उचललं आणि तसंच धरून ठेवलं. गावाचा उतार नेमका कुठल्या बाजूला, हे आता त्याला डोळ्यांना विचारायची भीती वाटत होती.