शेवटच्या प्रकरणाची गाठ

लग्नगाठ सोडली तर सूनबाईच्या हातून आजवर एकही गाठ धड बसली नव्हती, आणि ती लग्नाची तरी कुठे तिने स्वतः मारली होती! चिरंजीवांच्या झबल्याचे बंद ती मन लावून बांधायची, आणि रांगत दारापर्यंत पोचेस्तोवर चिरंजीव दिगंबर झालेले असायचे. मग सासूबाई यायच्या, पोराला दोन गुडघ्यांत पकडायच्या आणि बंदांची अशी काही चपटी गाठ आवळायच्या की पोराने लाथा झाडोत, लोळण घेवो नाहीतर पाण्याच्या बादलीत जाऊन बसो, ती जागची हलत नसे. ती सोडायलाही सासूबाईच लागत.

"एवढं शिकलीस," त्या म्हणायच्या, "गाठ मारायला नाही शिकवलं होय गं कुणी?"

"शिकवलं होतं आई. त्या दिवशी मी गैरहजर होते."

नवऱ्याची नोकरी फिरतीची, त्यामुळे घरात भांडायला या दोघीच. आणि दोघी ते काम कंटाळा न करता करत.

आठवड्यातला एक तास मात्र सूनबाईचा स्वतःचा होता. शनिवारी संध्याकाळी ती चिरंजीवांना सासूबाईंच्या मांडीवर ठेवायची, खांद्यावरचा दुधाचा डाग ओढणीखाली दडपायची आणि सार्वजनिक वाचनालयाच्या रहस्यकथा वाचन मंडळात जाऊन बसायची. बाहेरचे लोक त्याला खुनी मंडळ म्हणत. म्हणेनात का! त्या तासाभरात तिचे केस कुणी ओढत नसे, तिच्या अंगावर कुणी ओकत नसे. चार मोठी माणसं एका प्रेताविषयी शांतपणे बोलत. एवढा आराम तिला माहेरीही मिळत नव्हता.

चार म्हणजे ती धरून. अध्यक्षस्थानी ग्रंथपालबाई. वाचनालयात आवाज करू नये म्हणून त्या कायम कुजबुजत, पण त्यांची कुजबूज रस्त्यापलीकडच्या न्हाव्याला ऐकू जाई. दुसरे निवृत्त हवालदारकाका. उभी नोकरी सायकलचोर धरण्यात गेली, एक खून म्हणून वाट्याला आला नाही, ही त्यांची सल. त्यामुळे पुस्तकात पहिल्या पानावर जो कोणी दिसेल त्याला ते आतल्या आत बेड्या घालत. तिसरे दातवाले डॉक्टर. दिवसभर समोरच्याचं तोंड उघडं, पण बोलायला बंदी, अशा माणसांत वावरल्यामुळे शनिवारी ते आठवड्याचं साचलेलं बोलून घेत.

वाचनालयाकडे प्रत्येक पुस्तकाची एकच प्रत होती. ती आळीपाळीने घरोघर फिरायची. पण पुस्तक वाचनालयाबाहेर पडण्याआधी ग्रंथपालबाई शेवटच्या प्रकरणाची पानं मागच्या पुठ्ठ्याशी लाल फितीने बांधून टाकत. वर फुलपाखरासारखी नाजूक गाठ. सगळ्यांचं वाचून झालं की सभेत फीत सुटायची आणि शेवट मोठ्याने वाचला जायचा. त्याआधी जो फीत सोडील तो मंडळातून कायमचा बाद, आणि त्याची रवानगी शेजारच्या खोलीतल्या 'निरोगी जीवन' मंडळात. मागे एका पोस्टमास्तरांना राहवलं नव्हतं. ते अजून तिकडे बसून पोट साफ होण्याचे उपाय ऐकताहेत.

या खेपेचं पुस्तक होतं 'निळ्या पेल्यातलं दूध'. त्यात एक तरुण सून संध्याकाळी पेलाभर कोमट दूध पिते आणि खुर्चीतच मान टाकते. संशय माळ्यावर, दिरावर आणि घरच्या वैद्यावर. घरात एक सासूही असते, पण ती बिचारी कोपऱ्यात बसून सगळ्यांसाठी मोजे विणत असते.

पुस्तक डॉक्टरांकडून सूनबाईकडे आलं. मांडीवर पोर पीत असायचं आणि त्याच्या पाठीवर पुस्तक उघडं.

"लेकराच्या अंगावर मुडदा ठेवून वाचतेस!" सासूबाई म्हणाल्या. "उद्या सुरा मागेल तो."

"सध्या त्याला चमचा धरता येत नाहीये, आई."

आठवड्याने पुस्तक हवालदारकाकांकडे गेलं, आणि सासूबाईंचं काहीतरी बिनसलं. सूनबाईला संध्याकाळी पेलाभर दूध द्यायचा त्यांचा नेम होता. आता त्या पेला घेऊन समोर उभ्या राहत, आधी स्वतः एक दणकट घोट घेत, ओठ पुसत आणि म्हणत, "घे. मी प्यायले. आहे ना उभी?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. पी."

एकदा भाजी चिरता चिरता त्यांनी विचारलं, "अगं, मी तुला कशी वाटते?"

"चांगल्या."

"घाईने नको सांगूस. विचार कर."

सूनबाईने विचार करायचं ठरवलं आणि बसल्या जागी पेंगली. पोराचे दात येत होते. अशा दिवसांत बाईच्या नाकासमोरून हत्ती गेला तरी ती त्याला "हळू, बाळ उठेल" एवढंच म्हणते.

शनिवार उजाडला. शेवट वाचायचा दिवस. हवालदारकाकांनी पुस्तक टेबलावर ठेवलं, ग्रंथपालबाईंनी चष्मा चढवला, फितीला हात घातला आणि थबकल्या.

"ही गाठ माझी नाही," त्या कुजबुजल्या. पलीकडे न्हाव्याचा वस्तरा थांबला असणार.

फुलपाखरू उडून गेलं होतं. त्याच्या जागी एक चपटी, घट्ट, निगरगट्ट गाठ बसली होती. बाईंनी नखं लावून पाहिली. डॉक्टरांनी खिशातून कसलासा आकडा काढून झटापट केली आणि घाम पुसला. "दाढा उपटल्यात मी," ते म्हणाले, "पण हिला मुळंच नाहीत."

सूनबाईने गाठ पाहिली आणि ओळखली. असली गाठ ती रोज दोनदा पाहत होती, पोराच्या मानेमागे. मग तिला घोट आठवले, 'आहे ना उभी' आठवलं, आणि शेवटचं पान न उघडताच पुस्तकातला खुनी तिच्या डोळ्यांपुढे लख्ख उभा राहिला. हातात विणायच्या सुया घेऊन.

"कोणी सोडली?" बाईंनी विचारलं.

"उघड आहे," डॉक्टर म्हणाले. "शेवटी पुस्तक हवालदारांकडे होतं."

"माझ्याकडे?" काका उसळले. "मी पुस्तक निम्मंच वाचलंय! माळी सापडल्यावर पुढे वाचायची गरज काय? आणि एवढी ताकद कोणाच्या बोटांत असते ते सांगू? रोज माणसांचे जबडे ओढणाऱ्याच्या!"

"मी भूल देऊन ओढतो!"

"मग गाठीला पण भूल दिली असेल!"

"शांत," ग्रंथपालबाई म्हणाल्या. मग त्यांनी मान सूनबाईकडे वळवली. "राहिलीस तू."

सूनबाईने मनात हिशेब मांडला. सासूबाईंचं नाव घ्यावं, तर त्यांची चारचौघांत शोभा. मग शनिवारी पोराला सांभाळणार कोण? नाव घेऊ नये, तर आपणच बाद. इकडून आड, तिकडून विहीर, आणि दोन्हींच्या तळाशी 'निरोगी जीवन' मंडळ.

"कोणी कबूल होणार नसेल," बाई म्हणाल्या, "तर हे पुस्तक असंच कपाटात जाईल. आणि मंडळही."

तेवढ्यात दार कुरकुरलं. दारात सासूबाई. खांद्यावर चिरंजीव.

"याला आईची आठवण झाली," त्या म्हणाल्या. "रडून रडून हैराण केलं."

चिरंजीव तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते. लाळेची एक तार सासूबाईंच्या खांद्यावरून पार कोपरापर्यंत आली होती.

"बसते मी इथे कडेला. तुमचं चालू द्या. वाचलं का शेवटचं?"

"अजून नाही," हवालदारकाकांनी गेलेली अब्रू सावरायची संधी साधली. "आणि वाचायचीही गरज नाही. खून माळ्याने केला. पहिल्या पानावर त्याच्या हातात कात्री आहे."

सासूबाईंनी ओठ मिटले. डॉक्टर म्हणाले, "छे हो, दीर! त्याचे दात किडलेत असं स्पष्ट लिहिलंय. असा माणूस चिडचिडा असतो." सासूबाईंनी ओठ आणखी घट्ट मिटले. काका म्हणाले, "माळी! मी लिहून देतो!"

"माळी असता तर देव पावला असता!" सासूबाई कडाडल्या. "सासू आहे ती, सासू! तो लेखक मेला, त्याला अख्ख्या घरात दुसरं कोणी सापडलं नाही!"

चिरंजीवांनी झोपेत एक सुस्कारा सोडला.

"तुम्हाला," ग्रंथपालबाई पहिल्यांदाच खरोखर कुजबुजल्या, "कसं कळलं?"

सासूबाईंचा चेहरा उतरला. तो चेहरा सूनबाईने कधी पाहिला नव्हता. पोरगं पहिल्यांदा पडलं तेव्हा त्याचा असाच झाला होता, रडावं की न रडावं हे न ठरलेला. आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत सूनबाई उभी राहिली.

"मी सांगितलं त्यांना," ती म्हणाली. "फीत मी सोडली. मी वाचलं आणि घरी जाऊन बोलले. चुकलं माझं."

बोलून गेली आणि तिला आपली खुर्ची दिसली, रिकामी. शनिवार दिसला, इतर सगळ्या वारांसारखा.

"अरेरे," डॉक्टर म्हणाले. हवालदारकाकांनी खाली पाहिलं. बाईंनी नाइलाजाने शेजारच्या खोलीकडे बोट उचललं.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "ही? हिने सोडली असेल एक वेळ. सोडायला काय लागतं? पण बांधली? हिने?" त्या हसल्या, आणि ते हसणं सूनबाईला रोजच्या ओळखीचं होतं. "अहो, हिच्या गाठीने भोपळ्याची वेल पण उभी राहायची नाही! हिने बांधलेलं पोर उंबऱ्यापर्यंत उघडं होतं! द्या, द्या तिला फीत. होऊन जाऊ दे."

बाईंनी खणातून दुसरी फीत काढून दिली. सूनबाईने दुसऱ्या एका पुस्तकाभोवती ती गुंडाळली, जीभ बाहेर काढून गाठ मारली. गाठ क्षणभर विचारात पडली आणि सुटली.

"आणि आता हे बघा." सासूबाईंनी चिरंजीवांना वळवलं. मानेमागे, कोवळ्या केसांखाली, चपटी, घट्ट, निगरगट्ट गाठ.

हवालदारकाका उठले. चष्मा लावला. एकदा पुस्तकाकडे, एकदा पोराच्या मानेकडे. पुन्हा पुस्तकाकडे. "जुळतंय," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला. "उभ्या आयुष्यात पहिल्यांदा पुरावा जुळला हो!"

"हिने मोजा घालून ठेवला होता पुस्तकात खुणेला, याचा," सासूबाई खुर्चीत टेकत म्हणाल्या. "मोजा काढायला गेले, एक पान वाचलं. मग पहिल्यापासून वाचलं. चांगली मुलगी होती हो ती दूधवाली. म्हटलं, मेली कशी ते तरी बघावं. आणि निघालं कोण! मग म्हटलं, उद्या ही पण वाचणार. आणि माझ्या हातचं दूध घेताना हिच्या मनात..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं आणि पोराची लाळ पुसायला घेतली.

"म्हणून घोट?" सूनबाईने विचारलं.

"मग काय अख्खा पेला मी पिऊ?"

सूनबाईला हसू फुटलं आणि डोळेही भरले. दोन्हींसाठी ओढणी एकच होती.

आता शिक्षेचा प्रश्न आला. नियमाप्रमाणे गुन्हेगार बाद. पण गुन्हेगार सभासदच नव्हता.

"आधी सभासद करून घ्या," डॉक्टर म्हणाले, "आणि मग हाकला."

ग्रंथपालबाईंनी पुस्तक सासूबाईंपुढे सरकवलं. "आधी हे सोडा." सासूबाईंनी दोन बोटांनी कुठेतरी चिमटा घेतला आणि फीत शहाण्या मुलीसारखी आडवी झाली. बाई बघत राहिल्या.

"शिक्षा," त्या म्हणाल्या. "यापुढे प्रत्येक पुस्तक तुम्ही बांधायचं. तुम्ही बांधलेलं दुसऱ्या कोणाला सुटत नाही, म्हणून शनिवारी सोडायलाही तुम्हीच यायचं. आणि सभा चालू असेपर्यंत पलीकडे बालविभागात नातवाला घेऊन बसायचं. दार उघडं राहील. तोंड बंद राहील."

"चोराच्या हाती किल्ल्या!" हवालदारकाका ओरडले.

"त्याच्याच हाती बऱ्या," बाई म्हणाल्या. "चोरी झाली तर तुम्हाला शोधत बसावं लागणार नाही."

सूनबाई आपल्या खुर्चीवर बसली. खुर्ची होती तिथेच होती. शेवटचं प्रकरण वाचायचा मान तिला मिळाला. सासू कबुली देते त्या ठिकाणी बालविभागातून "हूं!" असा आवाज आला, पण तो पोराचाही असू शकेल असं सर्वांनी धरून चाललं.

पुढच्या पुस्तकाची पाळी पहिल्यांदा सूनबाईकडेच आली. त्यात एका मोठ्या कुटुंबातला सावकार हौदात सापडतो, आणि घरात पुतण्या, मोलकरीण, धाकटा भाऊ, सासू अशी बरीच गर्दी असते. सूनबाई खिडकीशी बसली होती, मांडीवर चिरंजीव दूध ओठांवरच ठेवून झोपलेले. तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. मग अगदी सहज, कोणी बघत नाहीसं पाहून, लाल गाठीला एक नख लावलं.

"सुटणार नाही," आतून आवाज आला.

"मी काय करतेय ते तुम्हाला तिकडून दिसतंय?"

"दिसायला कशाला हवं? मी पण तेच केलं असतं."

"आई, बांधण्याआधी तुम्ही वाचलंत, हो ना?"

"मग काय डोळे मिटून बांधू?"

सासूबाई पेला घेऊन आल्या. कोमट दूध, वर थोडी साय. त्या तिच्यापुढे उभ्या राहिल्या आणि पेला सरळ तिच्या हातात दिला. "घे."

घोट घेतला नव्हता.

म्हणजे या खेपेला सासू सुटली. सूनबाईने मनातल्या मनात संशयितांतलं एक नाव खोडलं, आणि पेला तोंडाला लावला.