अग्लायाचा आजार

अग्लायाच्या डाव्या स्तनात गाठ आली तेव्हा ती सत्तरीची होती. वासलुई शहराकडच्या तिच्या खेड्यात म्हाताऱ्या बाईनं डॉक्टरला अंग दाखवायचं म्हणजे लाजेनं मरायची पाळी. कोबीची पानं बांधून तिनं हिवाळा रेटला. ईस्टरच्या सुमारास गाठ फुटली, आणि पुवाचा वास काही लपेना.

मुलगा परदेशी कामाला होता; सून लेनुत्साच तिला शहरातल्या इस्पितळात घेऊन गेली.

"कॅन्सर दिसतोय, आजी," सर्जन म्हणाला. "काढावा लागेल."

बातमी गावात पोचली तशा बाया येऊ लागल्या. कुणी कोंबडीचं सूप आणलं, कुणी चर्चमध्ये मेणबत्ती लावली. शेजारीण झाम्फिरा तर रोज उशाशी बसून रडायची. तिला बाळंतपणात दूध आलं नव्हतं, तेव्हा तिच्या तोआदेरला अग्लायानंच अंगावर पाजलं होतं.

स्तन काढला. मग तपासणीतून कळलं, कॅन्सर नव्हताच, क्षय होता.

"म्हणजे नुसत्या गोळ्यांनी भागलं असतं?" लेनुत्सानं विचारलं.

"भागलं असतं कदाचित," सर्जन खिडकीकडे बघत म्हणाला.

क्षयाचं नाव निघालं आणि घरी येणारी पावलं थांबली. लेनुत्सा पोरांना घेऊन माहेरी गेली. "थोडे दिवसच, आई," म्हणाली, पण पोरांचे हिवाळ्याचे बूटही तिनं सोबत नेले. झाम्फिरा कुंपणापर्यंत यायची, भांडं खाली ठेवायची आणि मागं सरायची.

"आत ये की गं. स्तनातला क्षय असा लागत नाही, डॉक्टर म्हणाला."

"त्याचं काय जातंय म्हणायला? माझ्या घरात नातवंडं आहेत."

"तुझा तोआदेर या छातीवर वाढलाय, झाम्फिरे."

झाम्फिराचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी ती तोआदेरला तपासायला शहरात घेऊन गेल्याचं अग्लायाच्या कानावर आलं. त्यानंतर कुंपणाशी भांडंही येईना.

उन्हाळा सरता सरता जखमेच्या कडेला नवी गाठ उठली. गोळ्यांना आजार दाद देत नव्हता. दुसरी, जहाल औषधं घ्यायची तर दूर याशला वर्षभर इस्पितळात राहावं लागेल, असं नर्स दारातूनच सांगून गेली.

"आणि बरी होऊन कुणाकडे येऊ?" अग्लायानं विचारलं.

नर्स केव्हाच रस्त्याला लागली होती. अग्लायानं चुलीवर मक्याच्या पिठाची मामालिगा ढवळली, एकटीपुरती, आणि उभ्यानंच भांड्यातून खाल्ली.