पाहुण्यांसाठी रिकामी केलेली छाती

सरका बायांनो, जवळ या. चुलीवर मक्याच्या पिठाचा न्सिमा रटरटतोय तोवर एक गोष्ट सांगते. उपदेश नाही हो. उपदेश मी रविवारी चर्चमध्ये ऐकते, तोही गाऊन सांगितलेला. देवाचं बोलणं सुरात आलं की पोटात उतरतं. ही गोष्ट मात्र घशातच अडकून बसली आहे.

माझी लेक तियामिके वेळेआधी बाळंत झाली. पोर मक्याच्या कणसाएवढी. दवाखान्यात सिस्टर म्बेवेंनी तिला आईच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून कमरेचं चितेंजेचं कापड घट्ट बांधलं.

"आजीबाई, हीच हिची चूल. खाली उतरवायची नाही."

"अहो, पोर पाठीवर बांधतात. छातीवर कसली?"

"पाठीवर बांधायला आधी जगू तर द्या!"

खरंच होतं त्यांचं. पोरीनं ऊब धरली, दूध ओढायला लागली.

मग एका सकाळी निरोप आला. राजधानीतून, लिलाँग्वेहून पाहुणे येताहेत, सोबत परदेशी साहेब, इवल्या बाळांची खोली पाहायला. आणि पाहुणा आला की बायांनी नाचत-गात सामोरं जायचं, हे का तुम्हाला सांगायला हवं?

"सगळ्या आया बाहेर, आंब्याखाली," सिस्टर म्हणाल्या. "बाळं नव्या पाळण्यांत ठेवा. पाळणे त्यांनीच दिलेत, रिकामे दिसले तर काय म्हणतील?"

"खाली उतरवायची नाही असं तुम्हीच..."

"थोडा वेळ, आजीबाई. वरून हुकूम आहे. मला काय हौस आहे?"

फरशी पुसली. ओल्यात कुणी पाय देऊ नये म्हणून दाराला कुलूप घातलं. जूनची, ऐन हिवाळ्यातली डोंगरावरची थंडी, त्यात ती ओल! आणि पाहुणे कधी वेळेवर आलेत? सूर्य माथ्यावर आला. तियामिकेचं दूध झग्यावर ओघळलं. रांग मोडावी तर पाहुण्यांचा अपमान. शेवटी मीच मागे सरकून खिडकीतून डोकावले. पोरीची टोपी निसटली होती, ओठ राखेसारखे.

"सिस्टर, किल्ली द्या!"

"गाड्या फाटकात आल्या, आजीबाई! गा आता!"

मग गायलेच. "दार उघडा, माझी नात गारठली," मी ओळ उचलली. बायांनी ती झेलली, टाळ्या धरल्या. तियामिके रडत रडत गात होती. साहेबाला आमची भाषा कुठली यायला! तो ठेक्यावर डोलला, फोटो काढले. लिलाँग्वेच्या बाईंना मात्र शब्द न् शब्द कळला. त्या हसून म्हणाल्या, "हो हो, भाषणं आटोपली की खोलीच पाहू."

तेव्हा सिस्टर म्बेवे उठल्या. भर सभेतून धावल्या, कुलूप काढलं. पोर पुन्हा आईच्या छातीवर आली, नाकाला नळी लागली, गरम कपडे आले. पण तिनं दूध ओढणं सोडलं ते सोडलंच. रविवारच्या आत गेली.

पाहुण्यांनी जाताना पाळण्यांची तारीफ केली. ते कशासाठी आले होते, ठाऊक आहे? बाळं आईच्या छातीवर ठेवतात की नाही, ते बघायला! आता हसावं की कपाळ बडवावं?

नाळ गळायच्या आधीच गेली, म्हणून तिला नाव नव्हतं. प्रार्थनेला बसलात की तिची आठवण काढा, बायांनो. नावावाचून अडत नाही. म्हणा, तियामिकेची पोर. देवाला कळेल.